वजन घटले, पण धक्का घटला का?

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात संवेग अक्षय्यतेचा नियम आला की त्यामागोमाग बंदुकीचे उदाहरण हमखास येते. बंदुकीचे वस्तुमान दिलेले असते, गोळीचे वस्तुमान आणि वेग दिलेला असतो, आणि विद्यार्थ्याने बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढायचा असतो. गोळीचा संवेग जितका पुढे, तितकाच बंदुकीचा मागे. एक भागाकार केला की उत्तर येते, गुण मिळतात आणि वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

या उदाहरणात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, बंदूक ही एकच अखंड वस्तू आहे. नेमबाजीच्या स्पर्धेतले पिस्तूल असे अखंड नसते. त्याचा वरचा भाग खालच्या भागावर मागेपुढे सरकतो. या सरकणाऱ्या भागाला स्लाइड म्हणतात. स्पर्धेत उतरणारे काही खेळाडू आणि त्यांची शस्त्रे तयार करणारे कारागीर ही स्लाइड हलकी करण्याच्या मागे असतात. तिला खिडक्यांसारख्या खाचा पाडतात, किंवा ती मुळातच कमी धातूची बनवतात. असे का करतात, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, "धक्का कमी बसतो म्हणून."

हे उत्तर बरोबर आहे का? नववी-दहावीतले गणित त्याचा निकाल लावू शकते. शिवाय ते करता करता संवेग, आवेग आणि गतिज ऊर्जा या तीन राशींमधला फरक जितका स्वच्छ कळतो, तितका कोरड्या व्याख्यांनी कळत नाही. म्हणून हा प्रपंच.

भुसावळच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. गावात १९४९ साली सुरू झालेली आयुध निर्माणी आहे. थोड्याच अंतरावर वरणगावची निर्माणी आहे, आणि तिथे रायफलींची ५.५६ व ७.६२ मिलिमीटरची काडतुसे तयार होतात. एनसीसीत गेलेल्या मुलामुलींनी .२२ रायफल खांद्याला लावलेली असते. आणि संवेगाचे धडे देणारे सर्वांत मोठे प्रयोगशाळागृह, म्हणजे रेल्वेचे यार्ड, तर गावाच्या मध्यावरच आहे.

आधी अखंड बंदूक

स्वप्नील कुसाळे या मध्य रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या नेमबाजाची रायफल पाठ्यपुस्तकातल्या बंदुकीसारखी आहे. काडतूस आत गेले की मागचा बोल्ट कुलपासारखा बंद होतो. गोळी सुटताना रायफल संपूर्ण, एकसंध मागे येते. पुढचे काडतूस खेळाडू स्वतः हाताने भरतो.

.२२ काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते. तिचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरू. गुणाकार केला तर संवेग ०.७८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. गोळीबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूचाही थोडा वाटा असतो, म्हणून सोयीसाठी ०.८ हा आकडा घेऊ. यापुढे या राशीला नुसते "एकक" म्हणू, म्हणजे वाक्य लांबणार नाही. या स्पर्धेतल्या रायफलीला ८ किलोपर्यंत वजनाची मुभा असते. ०.८ भागिले ८ म्हणजे सेकंदाला ०.१ मीटर, अर्थात १० सेंटिमीटर. गोगलगाईपेक्षा वेगवान खरे, पण खांद्याला जेमतेम जाणवेल इतकेच.

आता हेच काडतूस १.२ किलोच्या पिस्तुलात घातले तर प्रतिक्षेप वेग सेकंदाला ०.६७ मीटर होतो. रायफलीच्या जवळजवळ सातपट. आणि हे पिस्तूल खांद्यावर टेकलेले नसते. ते लांब केलेल्या एका हाताच्या टोकाला असते. पिस्तुलाच्या नेमबाजाला धक्क्याची इतकी चिंता का, हे एवढ्यावरून लक्षात येईल.

पिस्तूल म्हणजे दोन वस्तू

१८८४ च्या सुमारास हायरम मॅक्सिम याने धक्क्याकडे नव्या नजरेने पाहिले. गोळीबरोबर फुकट मिळणारा हा मागचा संवेग वाया का घालवायचा? त्याच्याच जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकावी, नवे काडतूस आत ओढावे. स्वयंचलित शस्त्रांची सारी परंपरा या एका विचारातून निघाली. पिस्तुलाची स्लाइड हे त्याच विचाराचे लहान रूप आहे.

.२२ च्या स्पर्धा-पिस्तुलात काय होते ते क्रमाने पाहू. चाप ओढला की दारू पेटते आणि वायूचा दाब वाढतो. तो दाब गोळीला पुढे ढकलतो आणि तितक्याच बलाने पुंगळीच्या तळाला मागे ढकलतो. पुंगळीच्या मागे स्लाइड टेकलेली असते. ती फ्रेमला, म्हणजे मूठ असलेल्या खालच्या भागाला, घट्ट जोडलेली नसते. मध्ये फक्त एक स्प्रिंग असते. स्लाइड मागे जाते, स्प्रिंग दाबली जाते, पुंगळी बाहेर उडते. सुमारे ४ सेंटिमीटर मागे गेल्यावर स्लाइड फ्रेमवर आपटून थांबते. मग स्प्रिंग तिला पुढे ढकलते, जाता जाता ती मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीत सारते आणि पुढे आपटून बंद होते. काही पिस्तुलांत वरचे सगळे कवच सरकते, तर काहींत फक्त आतला ठोकळा. आपण दोन्हींना स्लाइडच म्हणू.

यार्डात मालगाडीची जोडणी पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. एक डबा ढकलून सोडतात. तो सुटा धावतो आणि उभ्या रांगेवर जाऊन आदळतो. आदळेपर्यंत रांगेला त्याचा पत्ता नसतो, आदळल्यावर मात्र तो सारा संवेग रांगेच्या वाट्याला येतो. स्लाइड हा तो धावणारा डबा, फ्रेम आणि हात ही उभी रांग, आणि स्प्रिंग म्हणजे बफर.

दोन स्लाइड, एकच गोळी

आता समजा आपल्याकडे दोन स्लाइड आहेत. पहिली २०० ग्रॅमची, दुसरी खाचा पाडून १५० ग्रॅमची केलेली. काडतूस तेच, स्प्रिंग तीच. स्प्रिंगचे सरासरी बल २० न्यूटन आणि सरकण्याचे अंतर ४ सेंटिमीटर धरू. स्लाइड मागे आपटून थांबते, उसळत नाही, असेही मानू. घर्षण आणि पुंगळी ओढायला लागणारे बल तूर्त सोडून देऊ.

गोळी नळीत असण्याचा काळ फार थोडा, एक मिलिसेकंदाहूनही कमी असतो. तेवढ्यात २० न्यूटनची स्प्रिंग फार तर ०.०२ एकक इतका आवेग देऊ शकते. म्हणजे सुरुवातीला स्प्रिंग असून नसल्यासारखी. गोळी बाहेर पडते तेव्हा जवळजवळ सगळे ०.८ एकक स्लाइडकडे असतात.

पहिला प्रश्न: स्लाइडचा वेग किती? ०.८ ला ०.२ ने भागले तर सेकंदाला ४ मीटर. ०.१५ ने भागले तर ५.३ मीटर. हलकी स्लाइड वेगाने पळते. यात नवल नाही.

दुसरा प्रश्न: तिची गतिज ऊर्जा किती? इथे बरेच विद्यार्थी अडखळतात. वस्तुमान कमी झाले म्हणजे ऊर्जा कमी, असे सहज वाटते. पण हिशेब करा. २०० ग्रॅमच्या स्लाइडची ऊर्जा १.६ ज्यूल येते, तर १५० ग्रॅमच्या स्लाइडची २.१ ज्यूल. वजन पाव हिश्शाने घटले आणि ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने वाढली! कारण संवेग ठरलेला असेल तेव्हा ऊर्जा ही वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. वेगाचा वर्ग वाढतो तो वस्तुमानातल्या घटीवर मात करतो.

तिसरा प्रश्न: मागे आपटताना काय होते? स्प्रिंग दोन्ही वेळा सारखीच, ०.८ ज्यूल (२० न्यूटन गुणिले ०.०४ मीटर) ऊर्जा शोषून घेते. उरलेल्या ऊर्जेवरून आपटण्याचा वेग आणि संवेग काढता येतो. जड स्लाइड सेकंदाला २.८ मीटर वेगाने आपटते आणि फ्रेमला एकदम ०.५७ एकक देते. उरलेले ०.२३ एकक स्प्रिंगने आधीच हळूहळू फ्रेमला पोचवलेले असतात. हलकी स्लाइड ४.२ मीटर वेगाने आपटते, एकदम ०.६३ एकक देते, आणि स्प्रिंगच्या वाट्याला ०.१७ च राहतात.

बेरजा तपासा. ०.५७ अधिक ०.२३ म्हणजे ०.८. ०.६३ अधिक ०.१७ म्हणजेही ०.८. हाताला मिळणारा एकूण आवेग तसूभरही बदलला नाही. उलट, त्यातला एकदम आदळणारा हिस्सा हलक्या स्लाइडमध्ये वाढला.

तेव्हा "धक्का कमी बसतो" हे उत्तर, निदान मागच्या आपटण्यापुरते, चुकीचे ठरते. मग अनुभवी खेळाडू हलकी स्लाइड का पसंत करतात? त्यांना जे जाणवते ते खोटे असते का? तसेही नाही. हिशेब अजून अर्धाच झाला आहे.

परतीचा प्रवास

स्लाइड मागे थांबली. आता स्प्रिंगमधली ०.८ ज्यूल ऊर्जा तिला पुढे ढकलते. ऊर्जा दोघींना सारखी. जड स्लाइड सेकंदाला २.८ मीटर वेगाने येऊन पुढे आपटते, तेव्हा तिचा संवेग ०.५७ एकक असतो. हलकी स्लाइड ३.३ मीटर वेगाने येते, पण तिचा संवेग ०.४९ एककच असतो. या वेळी ऊर्जा ठरलेली आहे, संवेग नाही. त्यामुळे निष्कर्ष उलटा लागतो: वस्तुमान कमी तर संवेग कमी.

मागच्या प्रवासात संवेग समान आणि ऊर्जा वेगळी, पुढच्या प्रवासात ऊर्जा समान आणि संवेग वेगळा. संवेग व ऊर्जा या दोन निराळ्या राशी का मानायच्या, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दाखवायला याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण.

पुढे आपटणाऱ्या स्लाइडमुळे पिस्तुलाचे तोंड झटकन खाली झुकते. नळीचे तोंड आधी वर उसळते आणि मग या दुसऱ्या झटक्याने खाली येते. हा खालचा झटका हलक्या स्लाइडमध्ये सुमारे सातव्या हिश्शाने कमी होतो. खेळाडूला "शांत" वाटते ते यामुळे. या झटक्याने एकूण हिशेब बिघडत नाही, कारण परतताना स्प्रिंगने फ्रेमला जितके मागे रेटले, तितकेच स्लाइडने आपटून पुढे ओढले. बेरीज शून्य. एकूण ०.८ तसेच.

वेळ वाचतो का?

दुसरे एक कारण सांगितले जाते की हलकी स्लाइड लवकर परतते, म्हणून पुढची गोळी लवकर झाडता येते. हेही मोजू. वरच्याच आकड्यांवरून जड स्लाइडला मागे जायला सुमारे १२ आणि पुढे यायला २८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एकूण ४०. हलकीला सुमारे ८ आणि २५, म्हणजे एकूण ३३. वाचले ७ मिलिसेकंद.

आता स्पर्धेचे वेळापत्रक पाहू. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सर्वांत कठीण मालिकेत ४ सेकंदांत ५ गोळ्या झाडायच्या असतात. त्याही एका लक्ष्यावर नव्हे, तर एकमेकांपासून ७५ सेंटिमीटरवर असलेल्या पाच लक्ष्यांवर एकेक. हात खालून वर आणण्याचा वेळ त्यातच आला. दोन गोळ्यांमध्ये पाऊण सेकंदाच्या आसपास मिळतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद फेरीत प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद लक्ष्य दिसते आणि मध्ये ७ सेकंद दडलेले असते. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागतात. तिथे ७ मिलिसेकंदांची बचत ही समुद्रातला थेंब. माणूस मागे राहतो, यंत्र नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ४० मिलिसेकंदांत मागचा झटका आणि पुढचा झटका दोन्ही होऊन गेलेले असतात. हाताला त्यांची जाणीव होऊन तो काही करील, त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे झटका "सांभाळणे" असे काही नसते. चाप ओढण्याआधी मूठ जशी धरली असेल तसेच पिस्तूल हलणार. म्हणून प्रशिक्षक मूठ दर वेळी तशीच्या तशी धरण्यावर भर देतात. त्यामागे शिस्तीइतकेच हे भौतिकशास्त्रही आहे.

आणि ज्या गोळीने हा सारा गोंधळ उडवला तिचे काय? जड स्लाइड मागे आपटते तेव्हा गोळी नळी सोडून तीन मीटरहून पुढे गेलेली असते. त्या गोळीवर स्लाइडच्या आपटण्याचा काहीही परिणाम होत नाही. प्रश्न नेहमी पुढच्या गोळीचा असतो.

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

पुढच्या गोळीसाठी पिस्तूल पुन्हा नेमके त्याच रेषेत यायला हवे. या पिस्तुलांच्या मागच्या आणि पुढच्या साइटमधले अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. लक्ष्य २५ मीटरवर. समरूप त्रिकोणांचा नियम लावा. पुढची साइट, म्हणजे माशी, १ मिलिमीटर हलली तर लक्ष्यावर ११४ मिलिमीटरचा फरक पडतो. जलद फेरीच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचे असते, मध्यापासून ५०. म्हणजे माशी अर्धा मिलिमीटरही सरकली तर दहा गेले. शांत पिस्तुलाची किंमत इथे कळते.

कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांग येथे, याच प्रकारात तिने सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाल्यामुळे निकाल जादा गोळ्यांवर लागला. दोन उत्तम खेळाडूंमधले अंतर असे असते. त्यामुळे सातव्या हिश्शाने कमी झालेला एक झटकाही कुणाला महत्त्वाचा वाटला तर आश्चर्य नाही.

वजन काढले ते ठेवायचे कुठे?

आपल्या हिशेबातून खरा उपाय आपोआप पुढे येतो. एकूण आवेग ०.८ आहे आणि तो बदलणार नाही. पिस्तुलाचा शेवटचा वेग हा एकूण वस्तुमानावर ठरतो. स्लाइडमधले ५० ग्रॅम नुसतेच काढले तर एकूण वस्तुमान १.२ वरून १.१५ किलो होते आणि प्रतिक्षेप वेग ०.६७ वरून ०.७० होतो. म्हणजे पिस्तूल उलट थोडे अधिकच मागे येते. पण तेच ५० ग्रॅम फ्रेमला, विशेषतः नळीच्या खाली पुढच्या बाजूला लावले तर? एकूण वस्तुमान तेवढेच राहते, पुढचा झटका कमी होतो, आणि पुढे वजन आल्यामुळे तोंड वर उसळायला अधिक जडत्व आड येते. स्पर्धा-पिस्तुलांना नळीखाली लहान लहान वजने बसवण्याची सोय असते ती यासाठी. मात्र त्यालाही सीमा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तुलाचे एकूण वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

स्लाइड हलकी करण्याचा खटाटोप सर्वाधिक होतो तो आयपीएससी या संघटनेच्या स्पर्धांत. ही संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिथे ९ मिलिमीटरसारखी मोठी काडतुसे वापरतात आणि एका सेकंदात चार-पाच गोळ्याही झाडतात. त्यांचा एक नियम शिक्षकांना आवडेल असा आहे. गोळीचे वस्तुमान गुणिले वेग ही राशी ठरावीक मर्यादेच्या खाली जाता कामा नये. नियमपुस्तकात तिला निराळे नाव आहे, पण ती संवेगच आहे! किमान मर्यादा आपल्या एककांत सुमारे २.५ भरते, .२२ च्या तिप्पट. संवेग नियमानेच बांधून टाकल्यावर खेळाडूच्या हाती उरते काय? तो संवेग हाताला केव्हा आणि किती तुकड्यांत पोचवायचा, एवढेच. म्हणून सारे लक्ष स्लाइड आणि स्प्रिंगकडे वळते.

हलकेपणाची सीमा

मग स्लाइड आणखी, आणखी हलकी का करू नये? कारण तिचे वजन केवळ सोयीसाठी नसते, ते सुरक्षेसाठी असते.

गोळी आणि स्लाइड यांचे संवेग क्षणोक्षणी समान असतात, म्हणून त्यांनी कापलेली अंतरे वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतात. गोळीने नळीतले १२० मिलिमीटर पार केले तेव्हा २०० ग्रॅमची स्लाइड १.६ मिलिमीटर मागे सरकलेली असते आणि १५० ग्रॅमची २.१ मिलिमीटर. तेवढीच पुंगळी नळीच्या आधारातून बाहेर आलेली असते. वायूचा दाब अजून उतरलेला नाही आणि पुंगळीचे पितळ पातळ आहे. आधार सुटलेल्या जागी ते फुगते किंवा फाटते, आणि तप्त वायू व पितळाचे तुकडे खेळाडूच्या तोंडाच्या दिशेने येऊ शकतात. या साध्या पिस्तुलात नळीचे दार बंद ठेवणारे कुलूप नसते, फक्त स्लाइडचे जडत्व असते. वजन कमी करणे म्हणजे दार सैल करणे.

९ मिलिमीटरच्या गोळीचा संवेग २.८ एककांच्या घरात असतो. तिला २०० ग्रॅमची सुटी स्लाइड दिली तर ती सेकंदाला १४ मीटर वेगाने मागे येईल. म्हणून अशा पिस्तुलांत जॉन ब्राउनिंगने रूढ केलेली युक्ती वापरतात. सुरुवातीचे काही मिलिमीटर नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून एकत्र मागे जातात, गोळी बाहेर पडते, दाब उतरतो, आणि मगच नळीचे मागचे टोक खाली झुकून स्लाइड सुटी होते. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल याच जातीचे आहे. कुलूप दार उघडण्याची वेळ पुढे ढकलते, संवेग कमी करत नाही, हे इथेही लक्षात ठेवावे.

आणखीही तोटे आहेत. फार वेगाने परतणारी स्लाइड मॅगझिनमधले काडतूस पुरते वर येण्याआधीच त्याच्यावरून निघून जाते आणि पिस्तूल अडते. दर वेळच्या जोरदार आपटण्याने फ्रेमला तडे जाऊ शकतात. हवामानाचाही संबंध आहे. दारू जितकी तापलेली तितकी ती वेगाने जळते. खानदेशातल्या मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात पडलेली काडतुसे सावलीतल्या काडतुसांपेक्षा जास्त दाब निर्माण करतात. हिवाळ्यात जेमतेम सुरक्षित असलेली स्लाइड उन्हाळ्यात तशी राहीलच असे नाही.

म्हणून हे काम उत्पादकाचे आणि परवानाधारक शस्त्रकारागिराचे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, त्याचे रूपांतर करणे, इतकेच काय, दुरुस्त करणेही गुन्हा आहे. नेमबाजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हा सारा विचार बंदुकीशिवाय, दहा-वीस रुपयांच्या सामानात दाखवता येतो. हातभर लांबीची एक गुळगुळीत फळी सात-आठ गोल पेन्सिलींवर ठेवा. फळीवर दोन पट्ट्या समांतर चिकटवून मध्ये वाट करा. या वाटेत सहज सरकेल असा लाकडी ठोकळा ठेवा. तो आपली स्लाइड. ठोकळ्यावर दोन खिळे ठोकून त्यांत रबर अडकवा, ते मागे ताणून तिसऱ्या खिळ्याला दोऱ्याने बांधा. ताणलेल्या रबराच्या पुढ्यात पेन्सिल सेल ठेवा. तो आपली गोळी. वाटेच्या मागच्या टोकाला एक अडसर पक्का बसवा. आता दोरा काडीने जाळा. सेल पुढे उडेल, ठोकळा मागे धावेल, अडसरावर आपटेल आणि मगच फळी मागे सरकेल. फळी किती सरकली ते मोजा. समोर कुणी उभे राहणार नाही याची काळजी घ्या.

पुढची पायरी महत्त्वाची. ठोकळ्यावर चार-पाच नाणी चिकटवून प्रयोग करा. मग तीच नाणी ठोकळ्यावरून काढून फळीवर चिकटवा आणि पुन्हा करा. ठोकळा आता वेगाने धावेल, आपटण्याचा आवाज मोठा येईल, पण फळी जवळपास तितकीच सरकेल. शेवटी अडसरावर स्पंजचा तुकडा लावा. आवाज दबेल, फळी हळुवार निघेल, तरी सरकण्याचे अंतर फारसे बदलणार नाही. आवाज आणि झटका म्हणजे संवेग नव्हे, हे मुलांना कानांनी व डोळ्यांनी एकदमच कळेल. फळीला लागणाऱ्या घर्षणामुळे मापे थोडी पुढेमागे होतील, म्हणून प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून सरासरी घ्यावी.

यानंतर विद्यार्थ्यांना एक उदाहरण घरी सोडवायला द्यावे. स्लाइड अॅल्युमिनियमची, १०० ग्रॅमची केली आणि बाकी सारे वरच्याप्रमाणे ठेवले, तर तिचा वेग, गतिज ऊर्जा, मागे व पुढे आपटतानाचे संवेग, आणि गोळी बाहेर पडेपर्यंत पुंगळी किती मागे आली, हे काढा. असे पिस्तूल तुम्ही हातात घ्याल का, ते कारणासह लिहा. पाच उत्तरांपैकी चार वाढतील, एक घटेल. आणि हाताला शेवटी किती आवेग मिळाला, याचे उत्तर मात्र सगळ्या वहीत ०.८ च निघाले पाहिजे.